शिदोरीसह निघालेला स्लाइड-शो
जुने वैयक्तिक संगणक, मराठी अक्षरे आणि महाड-पोलादपूरचा मुलूख

वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात १९८५ ते २०१० हा साधारण पंचवीस वर्षांचा काळ असा गेला, की शहरांतून तालुक्याच्या गावापर्यंत संगणक पोहोचत होते, पण त्यांना एकमेकांशी जोडणारे जाळे मात्र बव्हंशी पोहोचलेले नव्हते. या काळात माहिती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात असे ती आधी फ्लॉपीवरून, मग सीडीवरून आणि शेवटी पेन ड्राइव्हवरून, म्हणजेच माणसाच्या खिशातून किंवा पिशवीतून. अशा प्रवासासाठी जे साहित्य तयार होत असे, त्यात स्वयंपूर्ण स्लाइड-शो हा एक वेगळा प्रकार होता. ज्या संगणकावर तो तयार झाला तो संगणक आणि ज्या प्रोग्राममध्ये तो रचला गेला तो प्रोग्राम, या दोहोंवाचून कोणत्याही तिसऱ्या यंत्रावर चालू शकणारी चित्र-मजकुराची मालिका, अशी त्याची व्याख्या करता येईल. दूरच्या वाटेला निघालेला माणूस जशी शिदोरी बांधून घेतो, तसे अशा स्लाइड-शोला लागणारे सर्व काही बरोबर घेऊनच निघावे लागे. इंग्रजीत ही शिदोरी म्हणजे चित्रे आणि ती दाखवणारा एक छोटा प्रोग्राम एवढीच होती. मराठीत मात्र तिच्यात आणखी एका गोष्टीची भर पडत असे, ती म्हणजे खुद्द अक्षरांची. मराठी स्लाइड-शोचा इतिहास हा म्हणूनच बऱ्याच अंशी अक्षरे बरोबर नेण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

हा इतिहास महाड आणि पोलादपूर या तालुक्यांच्या नजरेतून पाहणे सोयीचे ठरते, कारण जाळ्याविना चालणाऱ्या साहित्याची गरज अशाच मुलखात अधिक भासत असे. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, समुद्रापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी हे दोन तालुके आहेत. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचे महाड हे जुने व्यापारी गाव, तर आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे आणि कशेडी घाटाने खेडकडे जाणाऱ्या वाटांच्या तोंडाशी असलेले पोलादपूर हे डोंगरातील वाड्या-वस्त्यांचे केंद्र. पावसाळ्यात धो-धो पाऊस, त्यामुळे वारंवार खंडित होणारी वीज, डोंगरउतारावर विखुरलेल्या शाळा आणि मुंबईत नोकरीला असलेल्या चाकरमान्यांची सणावाराला होणारी ये-जा या साऱ्यांचा विचार केला, तर खिशातून येणारा आणि कोणत्याही यंत्रावर चालणारा स्लाइड-शो इथे का उपयोगी पडावा हे वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय दाखवण्याजोगे विषयही इथे हाताशी होते: रायगड किल्ला, २० मार्च १९२७ रोजीचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, आणि २००५ नंतर दुर्दैवाने दरडीही.

काच, कंदील आणि पडदा

पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची कला महाराष्ट्राला संगणकाने शिकवली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. कंदिलाच्या प्रकाशात ही चित्रे पडद्यावर पडत आणि त्यांना निवेदनाची आणि संगीताची जोड असे. पुढे चित्रपटगृहांत मध्यंतराच्या वेळी स्थानिक दुकानांच्या जाहिरातींच्या काचपट्ट्या दाखवल्या जाऊ लागल्या, आणि महाविद्यालयांत पारदर्शक प्लॅस्टिकवर लिहिलेला मजकूर भिंतीवर टाकणारा ओव्हरहेड प्रोजेक्टर रूढ झाला. या सर्व साधनांचा एक समान गुण होता: काचेवर किंवा प्लॅस्टिकवर अक्षर एकदा उमटले, की ते कुठल्याही दिव्यासमोर तसेच्या तसे दिसत असे. मोडीत लिहा, बालबोधीत लिहा, दिव्याला लिपीशी कर्तव्य नव्हते. संगणकाने नेमकी हीच गोष्ट बदलली, कारण संगणकात अक्षर हे चित्र म्हणून नव्हे तर क्रमांक म्हणून साठवले जाते आणि त्या क्रमांकाला रूप देण्याचे काम समोरच्या यंत्रावर सोपवलेले असते.

डॉसच्या काळातील स्वयंचलित फ्लॉपी

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत बाजारात आला आणि त्याच्या बरहुकूम बनवलेले संगणक त्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात पसरू लागले. त्यांवर एमएस-डॉस ही कार्यप्रणाली असे, म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून कामे करून घ्यावी लागत. या व्यवस्थेत स्लाइड-शो तयार करण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे बॅच फाइल. डॉसच्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवलेली ही साधी मजकुराची फाइल असते. पडदा पुसणारी ‘सीएलएस’, एखाद्या फाइलमधला मजकूर पडद्यावर उमटवणारी ‘टाइप’, कळ दाबेपर्यंत थांबवणारी ‘पॉझ’ आणि पुन्हा पहिल्या ओळीवर नेणारी ‘गोटू’ या चार आज्ञांत पुन्हापुन्हा फिरणारी मजकूरमालिका उभी राहत असे. हीच आज्ञावली ‘ऑटोएक्झेक’ या नावाच्या फाइलमध्ये लिहून फ्लॉपीवर डॉसच्या मूळ फाइलींसह ठेवली, तर ती फ्लॉपी आत घालून संगणक चालू करताच कोणी काही न टंकता खेळ सुरू होई.

चित्रांसाठी थोडी अधिक खटपट करावी लागे. त्या काळच्या सीजीए या रंगीत चित्रव्यवस्थेत पडद्यावर आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके असत आणि एका वेळी चारच रंग वापरता येत. असे एक चित्र स्मृतीची सुमारे १६ किलोबाइट जागा व्यापत असे. बेसिक या संगणकभाषेतील ‘बीसेव्ह’ या आज्ञेने पडद्याची स्मृती जशीच्या तशी फ्लॉपीवर उतरवता येई आणि ‘बीलोड’ने ती क्षणात परत पडद्यावर आणता येई. ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर मूळ फाइलींची जागा वगळता अशी वीसच्या आतबाहेर चित्रे मावत, आणि तेवढी एका छोट्या सादरीकरणाला पुरेशी होती. झेडसॉफ्ट कंपनीच्या ‘पीसी पेंटब्रश’ने पीसीएक्स हा चित्रप्रकार रूढ केला; एकसारख्या रंगाचे सलग ठिपके एकेक करून न लिहिता त्यांची संख्या लिहून जागा वाचवणे, हे त्याचे तत्त्व होते. मोठ्या कचेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर पब्लिशिंग कॉर्पोरेशनचे ‘हार्वर्ड ग्राफिक्स’ आणि आयबीएमचे ‘स्टोरीबोर्ड’ असे तयार प्रोग्रामही होते. ‘ग्रास्प’ या प्रोग्रामने तर चित्रे आणि त्यांचा क्रम एकाच फाइलमध्ये गोळा करण्याची आणि ती फाइल चालवणारा छोटा प्रोग्राम विनामूल्य बरोबर देण्याची सोय केली. रचणारा प्रोग्राम विकत आणि दाखवणारा प्रोग्राम फुकट, ही पुढे सर्वमान्य झालेली पद्धत अशा प्रोग्रामांनी रुजवली.

त्या काळच्या संगणकांचा एक गुण वीज वारंवार जाणाऱ्या गावांसाठी विशेष मोलाचा होता. जुन्या एटी बांधणीच्या संगणकाचे बटण हे दिव्याच्या बटणासारखे खरेखुरे खटक्याचे असे. वीज गेली तरी ते चालू स्थितीतच राहत असे. वीज परत येताच यंत्र आपोआप उठे, फ्लॉपीवरची ऑटोएक्झेक फाइल वाचे आणि प्रदर्शनातील चित्रमाला कोणाच्याही मदतीशिवाय पहिल्या चित्रापासून पुन्हा सुरू होई. पुढच्या एटीएक्स बांधणीत हे बटण इलेक्ट्रॉनिक झाले, वीज आल्यावर यंत्राने उठावे की झोपलेलेच राहावे हे बायॉसच्या मांडणीत ठरवावे लागू लागले, आणि नीट बंद न झालेली विंडोज आधी डिस्कची तपासणी करू लागली. सुधारणेबरोबर एक साधेपणा गेला, हे अशा ठिकाणी चटकन ध्यानात येत असे.

लिपी सांभाळणारे कार्ड

या साऱ्या खटपटीत मराठीचे काय, हा प्रश्न मात्र डॉसने मोकळाच ठेवला होता. सीजीए पडद्यावर मजकुराच्या २५ ओळी आणि उभे २०० ठिपके म्हणजे प्रत्येक ओळीच्या वाट्याला ८ ठिपके. रोमन अक्षर तेवढ्यात बसते. पण ‘दुर्गराज’ हा शब्द घेतला, तर वर रफार, त्याखाली शिरोरेषा, मध्ये अक्षराचे शरीर आणि खाली उकार असे चार मजले ८ ठिपक्यांत कोंबावे लागतात आणि वाचण्याजोगे काही उरत नाही. शिवाय डॉसच्या अक्षरसंचात २५६ जागा आणि त्यांतल्या पहिल्या निम्म्या रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांनी व्यापलेल्या. मराठीतील जोडाक्षरांचा पसारा त्यात मावणे शक्य नव्हते.

या अडचणीवर भारतीय उत्तर निघाले ते ‘जिस्ट’ या तंत्रज्ञानाने. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले हे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राकडे, म्हणजे सी-डॅककडे आले आणि तिथे ते संगणकाच्या आतील खाचेत बसवायच्या कार्डाच्या रूपाने वाढले. हे कार्ड बसवले, की डॉसचे नेहमीचे मजकुराचे प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत, कारण अक्षरांना रूप देण्याचे काम कार्ड स्वतःकडे घेत असे. यामागील कल्पना महत्त्वाची होती: फाइलमध्ये ‘त’, ‘हलन्त’ आणि ‘र’ असे मूळ घटक साठवायचे आणि त्यांचा ‘त्र’ बनवण्याचे काम यंत्रावर सोडायचे. हाच विचार पुढे भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ या संकेतप्रणालीच्या रूपाने प्रमाणित केला, आणि ध्वनिक्रमाने रचलेला ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक त्याच्या जोडीला आला.

जिस्ट कार्ड असलेल्या संगणकावर बॅच फाइलने मराठी मजकुराची मालिका चालवणे शक्य झाले; पण स्वयंपूर्णतेच्या दृष्टीने ही वाट अर्धीच होती. फ्लॉपी पिशवीतून पोलादपूरला नेता येई, कार्ड नेता येत नसे. ज्या यंत्रात ते बसवलेले नाही, तिथे तीच फाइल अर्थहीन चिन्हांची रांग दाखवत असे. त्यामुळे ज्यांना खरोखर फिरते साहित्य हवे होते, त्यांना मराठी अक्षरे चित्र म्हणून रंगवण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे पटवर्धनांच्या काचेकडेच, पण आता ठिपक्यांच्या काचेकडे, परतावे लागत होते.

विंडोज, फॉन्ट आणि ‘पॅक अँड गो’

पॉवरपॉइंट हा प्रोग्राम १९८७ मध्ये फोरथॉट या छोट्या कंपनीने मॅकिंटॉशसाठी आणला. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्यामागचे प्रमुख. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली आणि १९९० मध्ये विंडोजवरील आवृत्ती आली. विंडोज ३.१ ने १९९२ मध्ये ट्रूटाइप ही अक्षररचना आणली. तिच्यात अक्षराचे रूप ठिपक्यांनी नव्हे, तर वक्ररेषांच्या आराखड्याने साठवलेले असल्यामुळे कोणत्याही आकारात ते स्वच्छ दिसत असे. मराठीसाठी ही क्रांतीच होती. आकृती, पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि लीप ऑफिस, तसेच ‘शिवाजी’सारखे हातोहात पसरलेले फॉन्ट यांमुळे डीटीपीची दुकाने तालुक्या-तालुक्यांत उभी राहिली, आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या त्याच यंत्रावर मराठी स्लाइडही तयार होऊ लागल्या.

पण हे फॉन्ट एका युक्तीवर उभे होते. संगणकाला आपण मराठी लिहीत आहोत हे कळतच नसे. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, म्हणजे एका क्रमांकावर अर्धा ‘स’, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर रफार. टंकणारा हे तुकडे दिसतील त्या क्रमाने जुळवत जाई. जोवर तोच फॉन्ट यंत्रावर आहे तोवर सारे ठीक. तो नसला, की ‘चवदार तळे’ या शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चमत्कारिक चिन्हे यांची खिचडी दिसे. प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी वेगळी असल्याने दुसरा मराठी फॉन्ट निवडूनही उपयोग होत नसे; खिचडी फक्त रोमनऐवजी देवनागरी होई. त्यात काही मराठी सॉफ्टवेअर संगणकाला मागे जोडायच्या कुलपासह, म्हणजे डोंगलसह विकले जाई, आणि ते कुलूप दुसऱ्या गावच्या यंत्राला अर्थातच नसे.

पॉवरपॉइंट ९५ मध्ये आलेल्या आणि ९७ मध्ये रुळलेल्या ‘पॅक अँड गो’ या सोयीने इंग्रजीपुरता प्रश्न सुटला. हा मदतनीस प्रोग्राम सादरीकरण, त्याला जोडलेली चित्रे व ध्वनी आणि हवे असल्यास दर्शक, म्हणजे पॉवरपॉइंट नसलेल्या यंत्रावरही स्लाइड दाखवणारा ‘व्ह्यूअर’, हे सर्व दाबून एका गाठोड्यात बांधत असे. १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर गाठोडे मावले नाही, तर पुढची फ्लॉपी घालण्याची सूचना येई. दुसऱ्या यंत्रावर पहिल्या फ्लॉपीतील ‘पीएनजीसेटअप’ ही फाइल चालवली, की गाठोडे उलगडून खेळ सुरू होई. चित्रे कशी साठवली आहेत यावर फ्लॉपींची संख्या ठरत असे: ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे पूर्णरंगी बीएमपी चित्र सुमारे ९०० किलोबाइटचे, म्हणजे फ्लॉपीमागे एकच; तेच जेपेग पद्धतीने दाबले, तर ५० किलोबाइटच्या आसपास, म्हणजे फ्लॉपीमागे पंचवीसहून अधिक.

गाठोड्यात ट्रूटाइप फॉन्ट गुंफून देण्याचाही पर्याय होता, आणि मराठीला नेमके तेच हवे होते. मात्र प्रत्येक ट्रूटाइप फॉन्टच्या पोटात तो गुंफण्याची परवानगी आहे की नाही, याची एक खूण साठवलेली असते. फॉन्ट हेच ज्यांचे उत्पन्न, त्यांनी ती परवानगी रोखली तर त्यात नवल नव्हते. आणि तशी खूण असली, की पॉवरपॉइंट फॉन्ट न घेताच पुढे जाई. त्यामुळे गाठोडे बांधणाऱ्याला वाटे, की सगळे आत गेले. आणि उघडणाऱ्याला दिसे, की अक्षरे घरीच राहिली.

यावर व्यवहारात जो तोडगा रूढ झाला, तो शास्त्रीय नसला तरी पक्का होता. स्लाइड मराठी फॉन्टमध्ये तयार करायच्या, त्या जशाच्या तशा जेपेग चित्रे म्हणून जतन करायच्या आणि मग त्या चित्रांचीच नवी मालिका बांधायची. १९९६ मध्ये आलेल्या ‘इर्फानव्ह्यू’ या विनामूल्य चित्रदर्शकाच्या नंतरच्या आवृत्त्यांत अशी मालिका एकाच ‘ईएक्सई’ फाइलमध्ये बंदिस्त करण्याची सोय आली; ती फाइल दुसऱ्या कोणत्याही विंडोज यंत्रावर दोनदा क्लिक करताच पूर्ण पडद्यावर चालू लागे. मॅक्रोमीडियाच्या डायरेक्टर आणि फ्लॅश या प्रोग्रामांनीही स्वतंत्रपणे चालणारी ‘प्रोजेक्टर’ फाइल देऊ केली, आणि फ्लॅशमध्ये तर अक्षरे फोडून त्यांच्या शुद्ध रेषाकृती करता येत असल्याने फॉन्टची कटकटच संपे. शैक्षणिक सीडींच्या धंद्याला ही सोय फारच मानवली. याची किंमतही होती: एकदा चित्र झालेल्या मजकुरातील शुद्धलेखनाची एखादी चूकसुद्धा सुधारता येत नसे, त्यातला शब्द शोधता येत नसे, दुसऱ्या शिक्षकाला तो मजकूर आपल्या वर्गासाठी बदलून घेता येत नसे. प्रवास करू शकणारी अक्षरे कायमची गोठलेली असत, आणि जिवंत अक्षरे प्रवास करू शकत नसत.

प्रशिक्षण, दरडी आणि खिशातला पडदा

२००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत संगणक प्रशिक्षण केंद्रांचे जाळे उभे केले. विंडोज, वर्ड आणि एक्सेलबरोबर पॉवरपॉइंट हाही त्याचा एक भाग होता. शासकीय नोकरीसाठी, आणि पुढे नोकरीतील वेतनवाढीसाठीही, हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी अशा हजारो माणसांनी आयुष्यातली पहिली स्लाइड या केंद्रांत तयार केली. पॉवरपॉइंट ही मुंबई-पुण्याच्या कंपन्यांची वस्तू राहिली नाही, ती तालुक्याच्या गावची झाली, ती या टप्प्यावर.

याच सुमारास सीडी लिहिणारे यंत्र आवाक्यात आले आणि पॉवरपॉइंट २००३ ने ‘पॅकेज फॉर सीडी’ ही नवी सोय दिली. सीडी आत सरकवताच विंडोज तिच्यावरील ‘ऑटोरन’ नावाची फाइल वाचे, दर्शक सुरू होई आणि खेळ चालू लागे; डॉसच्या स्वयंचलित फ्लॉपीने जे केले होते, तेच आता ७०० मेगाबाइटच्या चकतीवर घडत होते. प्रदर्शनांसाठी ‘कियोस्क’ पद्धत होती: प्रत्येक स्लाइडला ठरावीक सेकंद द्यायचे, एस्केप कळ दाबेपर्यंत मालिका फिरत राहील असे ठरवायचे आणि फाइलचा दुवा विंडोजच्या ‘स्टार्टअप’ फोल्डरमध्ये ठेवायचा, म्हणजे भारनियमनानंतर वीज आली आणि कोणी यंत्र सुरू केले, की पुढचे सारे आपोआप होई.

अशा साहित्याचा गंभीर उपयोग काय असू शकतो, हे या मुलखाला २००५ ने दाखवले. २५ आणि २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षाअखेर केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि गावपातळीवर धोक्याची लक्षणे समजावून सांगणे हा प्रशासनाच्या कामाचा भाग बनला. जमिनीला पडणाऱ्या भेगा, एका बाजूला कलू लागलेली झाडे आणि विजेचे खांब, अचानक गढूळ झालेले किंवा नव्याच जागी फुटलेले झरे, अडकू लागलेली दारे ही लक्षणे शब्दांत सांगण्यापेक्षा एकापाठोपाठ चित्रांत दाखवणे केव्हाही परिणामकारक. असे चित्र-शिक्षण वाडीवरच्या शाळेच्या खोलीत, जाळे आणि विजेच्या भरवशाविना व्हायचे असेल, तर ते चार्ज केलेल्या लॅपटॉपवरील स्वयंपूर्ण स्लाइड-शोखेरीज दुसऱ्या कशाने होणे कठीण होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक उद्योगांची गरजही याच जातीची. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांची माहिती कामगारांना देणे बंधनकारक केले होते, आणि ती माहिती कामगाराच्या भाषेतच असावी लागते.

पेन ड्राइव्ह आल्यावर फ्लॉपीची आणि हळूहळू सीडीचीही सद्दी संपली, पण त्याच्याबरोबर एक नवे संकट आले. आपोआप सुरू होण्याची जी सोय स्लाइड-शोला वरदान ठरली होती, तिच्याच वाटेने विषाणू एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागले, आणि फोल्डरचे सोंग घेतलेल्या विषाणू-फाइली सायबर कॅफेपासून शाळेपर्यंत सर्वत्र दिसू लागल्या. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठी दिलेल्या सुधारणेने पेन ड्राइव्हवरील ऑटोरन बंद केले. आपण होऊन सुरू होणाऱ्या स्लाइड-शोचे युग तिथेच आटोपले म्हणायला हरकत नाही.

युनिकोड आणि उलटा क्रम

अक्षरांचा मूळ प्रश्न सुटला तो युनिकोडमुळे, आणि तोही हप्त्याहप्त्याने. जगातील सर्व लिप्यांना एकच क्रमांकव्यवस्था देणाऱ्या युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीच्या विचारावर बेतलेली होती. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा फॉन्ट आणि जोडाक्षरे घडवणारी यंत्रणा आली. परंतु भारतात सर्वाधिक पसरलेल्या विंडोज एक्सपीत ही यंत्रणा आपोआप चालू नसे. ‘रिजनल’ मांडणीत जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली बसवाव्या लागत आणि त्यासाठी एक्सपीची मूळ सीडी मागितली जाई, जी तालुक्याच्या गावी क्वचितच कोणाजवळ असे. अशा यंत्रावर युनिकोडमधील स्लाइड उघडली, तर नुसते चौकोन दिसत. ऑफिसबरोबर आलेला एखादा मोठा फॉन्ट असलाच, तर ‘सावित्री’ हा शब्द ‘व’च्या नंतर पडलेली वेलांटी आणि पाय मोडलेल्या ‘त’शेजारी सुटा ‘री’ अशा अवस्थेत उमटत असे. २००७ मध्ये सर्वांसाठी आलेल्या विस्टाने ही यंत्रणा जन्मजात दिली, आणि मराठी अक्षर पहिल्यांदाच समोरच्या यंत्रावर आधीपासून हजर असण्याची खात्री मिळाली. शिदोरीतील सर्वांत जड वस्तू तेव्हा कुठे कमी झाली.

त्यानंतरची वाट उताराची होती. मोबाइल फोन आले, जाळे वाड्यांपर्यंत जाऊ लागले, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये पॉवरपॉइंटचा स्वतंत्र दर्शक मागे घेतला आणि फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. जुन्या साहित्याच्या जतनाचा प्रश्न आता शिल्लक आहे, आणि कोकणात तो अधिक तातडीचा आहे, कारण दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते, सीडीचा लेप उखडतो, आणि २२ जुलै २०२१ रोजी, ज्या दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर कोसळलेल्या दरडीने ऐंशीहून अधिक बळी घेतले, त्या दिवशी महाडची बाजारपेठही पुराच्या पाण्याखाली गेली होती.

या साहित्यापैकी जे वाचते, त्यात कोणते आज चालते हे पाहिले तर कालक्रम उलटा झालेला दिसतो. डॉसच्या काळातील चित्रमय फ्लॉपी सर्वांत जुनी. पण तिच्यात चित्रे आणि दर्शक दोन्ही असल्याने ‘डॉसबॉक्स’सारख्या, जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामात ती आजही जशीच्या तशी धावते. तिच्यानंतरचे पॉवरपॉइंट ९५ किंवा त्याआधीच्या आवृत्त्यांतील सादरीकरण आजचे पॉवरपॉइंट उघडायलाच नकार देते, आणि ९७ नंतरचे उघडते तेव्हा त्यातील मराठी मजकूर फॉन्टअभावी वाचता येत नाही. त्याला कंपनीनिहाय परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावे लागते. जिस्ट कार्डाचा पडदा परत मिळत नाही, पण इस्कीत साठवलेला मजकूर घटकांच्या क्रमाने लिहिलेला असल्यामुळे युनिकोडमध्ये सहज उतरतो. शास्त्रीयदृष्ट्या कमअस्सल ठरवली गेलेली जेपेग-स्लाइड मात्र कुठल्याही फोनवर विनातक्रार दिसते. टिकाऊपणा नवेपणावर अवलंबून नव्हता; निघताना काय काय बरोबर घेतले आणि काय समोरच्या यंत्राच्या भरवशावर सोडले, यावर तो ठरला. म्हणून महाड-पोलादपूरच्या शाळांतून, प्रशिक्षण केंद्रांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून अशा चकत्या गोळा करायच्या झाल्या, तर नुसत्या फाइली उतरवून घेणे पुरेसे नाही. ज्या यंत्रावर त्या घडल्या, त्यावरचे फॉन्ट, दर्शक आणि परिवर्तकही त्यांच्याबरोबर जपावे लागतील, आणि ते काम ती यंत्रे भंगारात जाण्याआधी व्हायला हवे.